कातड्याचा अंदाज

कापड मीटरवर मिळते, पत्रा फुटावर मिळतो, आणि दोहोंचे काठ सरळ असतात. दुकानदाराने पन्हा सांगितला की किती घ्यायचे हे चौथीतले पोरही सांगेल. कातड्याचे तसे नाही. ते जनावराच्या आकाराचे असते. त्याला मान असते, पोट असते, चार पाय असतात. कुठे काटेरी तारेचा ओरखडा, कुठे गोचिडांनी पाडलेली बारीक भोके. अख्खे कातडे घेतले की या सगळ्याचे पैसे एकाच भावाने मोजावे लागतात.

आमच्या घराण्यात हा प्रश्न तसा जुना नाही. बलुत्याच्या काळी कातडे विकत घ्यायचेच नसे. मेलेले जनावर ओढायचे महारांनी, कातडे कमवायचे ढोरांनी आणि शिवायचे आम्ही चांभारांनी, अशी जातवार वाटणी ठरलेली होती. मोट, वहाणा, आसूड करून द्यायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन मिळेल ते धान्य घ्यायचे. आबा सांगत, एका मोटेला जवळजवळ अख्खे कातडे जाई, त्यामुळे अंदाज करण्यासारखे काही उरत नसे. पुढे विहिरींवर इंजिने आली, विजेचे पंप आले, मोटा अडगळीत गेल्या. आणि बलुते गेले तसे कातडेही रोखीने आणावे लागू लागले. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली पूर्ण केला, हे आपण वर्गात शिकतो. तो असूड वळत कोण असे, हे अजून कोणी परीक्षेत विचारलेले नाही. असो.

यंदा आषाढीच्या आधी एका दिंडीने दादांकडे वीस जोड सांगितले. निम्मे पैसे आगाऊ मिळाले, पण ते एकदाच कातडे आणण्यापुरते. कमी पडले तर दुसरी खेप करायला गाठीला काही नव्हते, शिवाय दुसऱ्या खेपेचे कातडे त्याच रंगाचे मिळेल याचा भरवसा नसतो. जास्त झाले तर पैसा पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहणार, आणि ओलीत त्याला बुरशी धरणार. नेमके त्याच पंधरवड्यात दादांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. खरेदी माझ्याकडे आली.

मी आधी वही घेतली. आठ नंबरचा तळ अकरा इंच लांब, चवड्याशी चार इंच रुंद. म्हणजे ४४ चौरस इंच. एका पायाला दोन थर, जोडाला चार तुकडे, वीस जोडांना ऐंशी. एकूण ३,५२० चौरस इंच. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच, तेव्हा साडेचोवीस फूट झाले. यात नासधूस आली. दादा चौथाई धरतात. चौथाई नुसती मिळवली तर साडेतीस येतात. पण जे आणू त्यातली चौथाई जाणार असेल, तर साडेबत्तीस आणले पाहिजेत. दोन फुटांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. आमच्याकडे तो एक जोड, कधी दीड जोड असतो.

त्यात आणखी एक गोम आहे. वरच्या पट्ट्यांचे बकऱ्याचे कातडे चौरस फुटावर मिळते. तळाचे, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेले म्हशीचे कातडे मिळते वजनावर. लागते क्षेत्रफळ, विकतात किलो! चार मिलिमीटर जाडीचा एक फूट साधारण पावणेचारशे ग्रॅम भरतो. म्हणजे बाराएक किलो झाले. दादांनी हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाले, "बरूबर हाय. आता वही ठेव आन् हात आण."

मग डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून बसलेल्या माणसाने मला कातडे शिकवले. पाठीवरचे दुमडले की चटकन सरळ होते, पोटाचे लोळत पडते. पट्टा कण्याच्या रेषेतच काढायचा, आडवा काढला तर चार दिवसांत पायात सैल होतो. ओल लागलेले कातडे वजनाला जड भरते, म्हणून गालाला लावून बघायचे. आणि कापताना आधी मोठा नंबर, मग लहान, मग कान, अंगठे, शेवटी शिवायच्या वाद्या.

मी सांगवीहून फलटणमार्गे एस.टी.ने कोल्हापूरला गेलो. दुकानात एक अख्खे कातडे स्वस्तात होते, पण त्यात पोटच फार. पाठीकडचे दोन तुकडे किलोमागे बरेच महाग. मी फरशीवर बसून पुठ्ठ्याचा नमुना दोन्हींवर मांडून पाहिला. दुकानदाराचा नोकर कंटाळून चहाला गेला. किलोने महाग ते जोडाला स्वस्त पडत होते. पाठीचे दहा किलो घेतले आणि वाद्यांसाठी मानेकडचे दोन.

दिंडीच्या चालकांनी विचारले होते, "कोल्हापुरीच ना?" २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. पुणे नाही. नीरा ओलांडून फलटण तालुक्यात बसून शिवली तर कोल्हापुरी, आणि त्याच हातांनी, त्याच कातड्याची सांगवीत शिवली तर नुसती चप्पल. दादा म्हणाले, "पायाला कळतंय का, कुठल्या जिल्ह्याची हाय ती?"

मी आलो तेव्हा दादांनी पट्टी वर न करता दोन्ही तुकड्यांवरून बोटे फिरवली. एका जागी थांबले. "हितं गोचीड हाय." तिथे मी दुकानातच खडूने गोल करून ठेवला होता. तसे सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, पुढचा तुकडा ओढून घेतला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांनी रापी हातात घेतली. मी नमुने मांडून खडूने रेघा मारायच्या, त्यांनी कापायचे. विसावा जोड कापून झाला तेव्हा उरलेले तुकडे खताच्या एका पिशवीत मावले. दादांनी पिशवी हातात उचलून पाहिली, "दोन किलो," म्हणाले, आणि त्यातून बैलांच्या घुंगरांचे पट्टे किती निघतील ते मोजत बसले.