गैरवापर कोणाचा?

वर्गात मराठी शिकवताना ‘गैर’ हा उपसर्ग मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याची गणतीच नाही. गैरहजर, गैरसमज, गैरसोय, गैरवापर... मुलं भराभर शब्द सांगायची. हल्ली माझी नात कायदा शिकते आहे आणि तिची पुस्तकं चाळायची मला खोड लागली आहे (निवृत्त शिक्षिकेला दुसरा उद्योग काय!). त्यात हा आपला ओळखीचा ‘गैरवापर’ दोन ठिकाणी भेटला आणि दोन्हीकडे अगदी उलट तोंडं करून उभा दिसला.

पहिलं ठिकाण म्हणजे एखाद्या वस्तूमुळे इजा झाली तर जबाबदार कोण, हे ठरवणारा कायदा. तिथे कंपनी म्हणते, ‘वस्तू चांगलीच होती हो, यांनीच गैरवापर केला.’ म्हणजे बोट वापरणाऱ्याकडे.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला एक खटला बघा. मेणबत्तीला सुवास यावा म्हणून एका मुलीने फॅबर्जे कंपनीचं कोलोन जळत्या मेणबत्तीवर ओतलं. भडका उडाला आणि शेजारी असलेली तिची मैत्रीण भाजली. कोलोन अंगाला लावायचं असतं, मेणबत्तीवर का कोणी ओततं? आपणही पटकन हेच म्हणू. पण १९७५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भाजलेल्या मुलीच्या बाजूने निकाल दिला. नेमकी हीच करामत कंपनीला आधी सुचायला हवी होती असं नाही. पण चटकन पेट घेणारी बाटली घराघरांत जाणार आणि घरात कुठेतरी ज्योत असणार, एवढं तर कळण्यासारखं होतं. मग तसा इशारा द्यायला नको?

याचा अर्थ काहीही करा आणि भरपाई घ्या, असा नाही हं. कुणाच्या स्वप्नातही येणार नाही असा उपयोग केला, तर दोष आपलाच. पण माणसं सहज करतील अशी चूक बनवणाऱ्याने आधीच धरून चालायची असते.

दुसरं ठिकाण पेटंटचं. तिथे गैरवापर करणारा असतो खुद्द मालक! सपिगर या कंपनीकडे डबाबंद खाद्यपदार्थांत मिठाच्या गोळ्या टाकणाऱ्या यंत्राचं पेटंट होतं. यंत्र भाड्याने देताना अट अशी, की गोळ्याही आमच्याच घ्यायच्या. आता पेटंट यंत्राचं, मिठाचं नव्हे! मॉर्टन सॉल्ट या कंपनीने आपल्या पेटंटचं उल्लंघन केलं म्हणून सपिगर कोर्टात गेली, तेव्हा १९४२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा गैरवापर चालू आहे तोवर तुमच्या पेटंटच्या रक्षणाला आम्ही येणार नाही. पुढे १९८८ मध्ये तिथल्या संसदेने हा नियम बराच आवळला. अशी अट घालणाऱ्याचा बाजारात तेवढा जोर आहे का, हे आता आधी पाहावं लागतं. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम १४० अशा अटींनाच मनाई करतं.

हे सगळं मला इतकं का भिडलं ते सांगते. आमच्या ओळखीच्या एका घरी कुकरचं झाकण उडालं आणि सुनेचा हात कोपरापर्यंत भाजला. दुकानदार म्हणाला, ‘वापरता आला नसेल.’ घरातल्या मोठ्यांनीही तेच म्हटलं. कुकर कसा होता, झाकण का उडालं, हे कुणी पाहिलंच नाही. सोबत आलेलं माहितीपत्रक इंग्रजीत होतं आणि ती सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. पोरगी भाजलीही आणि वेंधळीही ठरली.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे वस्तूचा गैरवापर झाला असेल, तर विकणाऱ्यावर उत्पादन दायित्वाचा दावा चालत नाही. दुकानदाराला एवढं पुरतं. पण त्याआधीचं कलम ८४ कोण वाचणार? नीट वापराच्या पुरेशा सूचना नसतील, किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा दिलेला नसेल, तर बनवणारा जबाबदार ठरू शकतो, असं त्यात आहे. म्हणजे चुकीचा वापर होणार, हे कायद्यानेही गृहीत धरलं आहे. आणि जी सूचना वाचताच येत नाही, ती पुरेशी कशी म्हणायची? माझ्या मते तरी नाही.

तेव्हा कुणी ‘तुम्हीच गैरवापर केलात’ म्हणालं, की लगेच मान खाली घालू नका. विचारा, असं होऊ शकतं हे तुम्हाला कळण्यासारखं होतं की नाही? मग आम्हाला कुठे सांगितलंत, आणि कुठल्या भाषेत? आणि सुनांनो, लेकींनो, नव्या वस्तूच्या खोक्यातला तो कागद आणि पावती रद्दीत टाकू नका. कागद कळत नसेल तर घरात कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. आमच्यासारखी रिकामी म्हातारी माणसं असतातच की!