बर्बन, सडवा आणि मगनवाडीचा गूळ

आजचा धागा कॉकटेलवर आहे आणि तो लिहिणारा मूळचा वर्ध्याचा आहे. पुण्यातील मित्र घरी बर्बनचे ‘ओल्ड फॅशन्ड’ बनवू लागले की मला हमखास चिडवतात: तुमच्या गावी हा पेला म्हणजे गुन्हा! खरेच आहे. १९७०च्या दशकापासून वर्धा जिल्हा कोरडा आहे.

पण त्या पेल्यातील काहीच मला परके वाटत नाही. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसनच्या एका वृत्तपत्राने कॉकटेलची व्याख्या छापली: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. ओल्ड फॅशन्ड आजही तेच आहे. साखरेच्या खड्यावर बिटर्सचे दोन-तीन थेंब, चमचाभर पाणी, ६० मिलिलिटर बर्बन, बर्फ आणि संत्र्याची साल. बिटर्स म्हणजे मद्यात उतरवलेला कडू मुळासालींचा अर्क. त्यातील जेन्शन आणि आपल्या आजीचे काडेचिराईत वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातील!

बर्बनसाठी किमान ५१ टक्के मका असलेले धान्य शिजवून आंबवतात, भट्टीवर गाळतात आणि आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरवतात. पिंप वगळा, मक्याच्या जागी मोहफुले घाला. आमच्याकडील पोलिसी भाषेत त्या आंबवणाला ‘मोहा सडवा’ म्हणतात. केंटकीच्या शेतकऱ्याला मका दूरवर नेणे परवडत नसे. दारू केली की तोच माल थोड्या पिंपांत मावे. हातभट्टीमागेही बहुधा पोटाचाच प्रश्न असतो.

अमेरिकेची देशव्यापी दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. पुढच्याच डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. जमनालाल बजाजांनी दिलेली मगनवाडी हे त्याचे ठाणे. तेथे हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाती घेतला गेला. शिंदीच्या झाडाचा रस पहाटे गोड नीरा असतो. ऊन चढले की आंबू लागतो. मडक्याला आतून चुना फासला की आंबणे लांबते, आणि रस लगेच आटवला तर गूळ होतो. ज्या झाडावर ताडीचा धंदा चाले, त्याच झाडावर गूळ करणाऱ्याचे पोट भरावे, असा तो हिशेब होता.

मला बंदीपेक्षा हा हिशेब मोठा वाटतो. पगाराच्या दिवशी संध्याकाळी वस्तीतील घराघरांत काय घडते ते पाहिलेला माणूस दारूबंदीला हसणार नाही. मीही हसत नाही. पण सडवा ओतून दिल्यावर तो घालणाऱ्याने उद्या काय करावे, याचे उत्तर कायद्यात नाही. कुमारप्पांच्या कढईत निदान त्याचा आरंभ होता. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली; त्या वादात शिंदीच्या गुळाचे नाव मी तरी ऐकले नाही.

आणि हो, कॉकटेलचा पूर्वज ‘पंच’ हा आपल्याकडचाच. सतराव्या शतकात भारतात फिरलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर हे नाव ‘पाच’वरून आल्याचे नोंदवतो: मद्य, लिंबू, साखर, पाणी, मसाला. उन्हाळ्यात वर्ध्याला गेलो की मी त्यातले चारच घेतो. साखरेऐवजी शिंदीचा गूळ मिळाला तर उत्तम, मसाल्याला सुंठ, आणि पाणी माठातले.