पट्टी घेऊन उभा असलेला माणूस

मळवली,
सोमवार, १४ जुलै २०२५

चि. संजूस,


फोनवर तू सगळ्याला ‘हो ताई, हो ताई’ म्हणतोस आणि शेवटी करायचं तेच करतोस, म्हणून कागद घेतला. तू नाही वाचलंस तरी मेघा वाचेल.

तुझा बेत कळला. क्रूझ बारगळली, इमॅजिका महाग, तेव्हा पंधरा ऑगस्टच्या शुक्रवारला जोडून दहीहंडीचा शनिवार आणि रविवार धरून सगळ्यांनी माझ्याकडे यायचं, भुशीला भिजायचं, भाज्याच्या धबधब्यात बसायचं. ‘फुकटात मजा’ हे तुझे शब्द. घर तुझंच आहे, कधीही ये. पण त्या तीन दिवसांत नको, आणि धबधब्यावर तर नकोच. पैसे भर आणि पोरांना इमॅजिकालाच ने.

हस खुशाल. खरा डोंगर सोडून लोक प्लॅस्टिकच्या डोंगरात कशाला जातात म्हणून इतकी वर्षं मीच नाकं मुरडत आले. परवा शुक्रवारी आमच्या लोहगडाचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं, तर गावात पेढे वाटले आणि त्याच रात्री ह्यांनी दाराला नवी कडी लावली. आता रविवारी किती गाड्या येतील ते देव जाणे.

क्रूझचं आधी मिटवते. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ सुरू झाली तेव्हापासून तुझं हे टुमणं आहे. ती गेली, मग ‘कॉर्डेलिया’ आली. पण ऐन पावसात ते जहाज मुंबई सोडून चेन्नईकडे जातं. नारळी पौर्णिमेआधी समुद्राच्या वाटेला जायचं नाही हे कोळ्यांना जसं कळतं तसं त्यांनाही कळतं. दिवाळीनंतर बघू. तेव्हाही आईला डेकवर वारा सोसेल का, हे आधी विचार.

आता मुद्द्याचं. तुला एस्सेलवर्ल्ड आठवतंय? ८९ साली ते सुरू झालं आणि पुढच्या मे महिन्यात बाबा आपल्याला गोराईला घेऊन गेले. बोटीतून उतरल्यापासून तू उड्या मारत होतास. पहिल्याच मोठ्या पाळण्यापाशी उंचीची पट्टी होती आणि तू तिच्या खाली दोन बोटं. भोकाड पसरलंस. बाबांनी तुला बाजूला नेलं, वर्तमानपत्राची पानं घडी घालून बुटात सारली आणि पुन्हा रांगेत उभं केलं. तो पट्टीवाला पोरगा पंचविशीचाही नसेल. त्यानं बाबांकडे पाहिलं नाही, वाकून सरळ तुझे बूट काढले. अनवाणी उभं केलं. ‘पुढच्या वर्षी ये,’ म्हणाला. बाबा घरी येईस्तोवर त्याला शिव्या देत होते. मला आता वाटतं, त्या दिवशी तिकिटाचे पैसे कशाचे वसूल झाले असतील तर त्या वाकण्याचे.

आमच्याकडे असा कुणी वाकत नाही रे. कालचीच गोष्ट सांगते. सकाळी नवाच्या लोकलनं स्टेशन भरलं, दहापर्यंत भाज्याचा रस्ता. आम्ही लावणीला खाचरात होतो. रील काढायला दोघी बांधावरून थेट चिखलात उतरल्या, नुकतं लावलेलं रोप त्यांच्या पायांखाली. बरं, ते सोड. दुपारी एकजण खांद्यावर दोन-अडीच वर्षांचं पोर घेऊन धबधब्याच्या शेवाळलेल्या कातळावर चढत होता. एका हातात भाजलेल्या कणसांची पिशवी, पायात गुळगुळीत चपला. पोराचे दोन्ही हात बापाच्या डोळ्यांवर. हे इरलं टाकून धावले, ओरडले, ‘साहेब, खाली या.’ तो वरूनच म्हणाला, ‘काका, धबधबा तुमचा आहे का?’

ह्यांना काही बोलताच आलं नाही. खरंच कुणाचा आहे तो? भुशीचं धरण तर वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेनं बांधलं. त्या पायऱ्या बसायला केलेल्याच नाहीत, पाणी सांडायला केल्यात. इंजिनं गेली, पाणी राहिलं, आणि आपण त्याचा पाळणा केला. गेल्या वर्षी ३० जूनला भुशीच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. रविवार होता. वर डोंगरात पाऊस कोसळत असतो, खाली आपण जेमतेम घोटाभर पाण्यात उभे असतो. लोंढा येतो तो वरच्या पावसाचा. गेल्या महिन्यात १५ जूनला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या वजनानं खाली आला, चार गेले. तोही रविवारच. आता पोलीस येतात, संध्याकाळी शिट्ट्या मारून लोकांना हुसकतात. पण शिट्टी सगळ्यांना मिळून एकच असते. एकेकाचे बूट कोण काढणार?

म्हणून इमॅजिका. घाट चढायच्या आधीच, खोपोलीजवळ, पाली रस्त्याला, सांगडेवाडीत. २०१३ पासून आहे, मी मात्र गेल्या नोव्हेंबरात शाळेच्या सहलीबरोबर पहिल्यांदा गेले. (आमच्या वळवण तलावाचं पाणी वीज करायला खोपोलीला उतरतं, आता माणसंही त्याच वाटेनं करंट घ्यायला निघालीत.) दर पाळण्यापाशी पट्टी, दर खुर्चीला पट्टा. तो लावला तरी कामगार येऊन हातानं ओढून बघतो. मी ते मोजत बसले होते. एका रांगेत बत्तीस वेळा ओढला. पोरांनी ‘नायट्रो’मध्ये किंचाळून घसे बसवले आणि मी खाली उभी राहून ते ओढणं बघत होते.

तुम्ही ८ ऑगस्टला या. शुक्रवार आहे, गर्दी कमी. पोरांची एक दिवस शाळा बुडाली तर आभाळ कोसळत नाही. तिकिटं आधी ऑनलाइन काढ. पावसाचा जोर असला तर उघड्यावरचे मोठे पाळणे थांबवतात, तेव्हा रुसायचं नाही. आतले बरेच आहेत, सलीमगढचं भुताटकीचं आहे, ‘आय फॉर इंडिया’त उडत उडत भारत दाखवतात. वॉटर पार्क ह्या वेळी ठेवू नकोस. तिथे नायलॉनचे कपडे लागतात आणि आईला नायलॉनची विजार घालायला सांगायची माझी छाती नाही.

आईवरून आठवलं. गोराईला ती दिवसभर एका बाकावर बसून होती. पाच जणांच्या चपला, दशम्यांचा डबा, तुझा ओला शर्ट. एकाही पाळण्यात बसली नाही, आणि परतताना बोटीत बाबांनी विचारलं, ‘कशी झाली मजा?’ तर म्हणाली, ‘बाक छान होता.’ ह्या खेपेला पिशव्या तू आणि मी आळीपाळीनं धरायच्या. सामानाला लॉकर घे, तिथे कंजुषी नको. आईला ‘आय फॉर इंडिया’त नेऊ, खुर्चीत बसूनच असतं. घाबरली तर घाबरली. एकवीरेच्या पायऱ्या आता तिला झेपत नाहीत, तेव्हा कार्ल्याला पायथ्यापासूनच हात जोडू.

संध्याकाळी घाट चढून माझ्याकडे मुक्काम. शनिवारी राखी आहेच. नारळीभाताला घरचा इंद्रायणी काढून ठेवलाय, आमच्या वडगावच्या केंद्रात निघालेलं वाण. पोरांना पाणी हवंच असेल तर ओट्यावर पागोळ्यांखाली बसव, तिथे माझी नजर असते. आणि रविवारी सकाळी सातच्या आत डोंबिवलीचा रस्ता धरा, नाहीतर येणाऱ्या गाड्यांत अडकाल.

मेघाला आशीर्वाद, पोरांना पापे.

तुझी,
ताई

ता. क. धाकटीची उंची दाराच्या चौकटीला टेकवून मोज आणि कळव, म्हणजे कुठे रडणार आहे ते आधी माहीत असेल. अनवाणी मोज. तुझ्या बुटात ती पानं कुणी घडी करून दिली होती, ते मी बाबांना आयुष्यभर सांगू दिलं नाही. ती मीच.