थोराचे थोरपण

मराठी बायबलात योहानाचा आवाज 'अरण्यात' घुमतो. हा शब्द कानी पडताच वसईसारख्या हिरव्या मुलखात वाढलेल्या आम्हां लोकांच्या डोळ्यांपुढे दाट झाडी उभी राहते. प्रत्यक्षात तो प्रदेश रखरखीत वाळवंटाचा. तरीही वाळवंटाला अरण्य म्हणणे किती सार्थ आहे, हे आम्हांला जोधपूरच्या एका सायंकाळी उमगले.

मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा वाळवंटी शिला उद्यान आहे. सुमारे सत्तर हेक्टरांचा हा कातळ ज्वालामुखीतून घडलेला, कोट्यवधी वर्षांचा. ऊन उतरल्यावर मार्गदर्शकाच्या मागोमाग आम्ही तीन कुटुंबे पायवाटेने निघालो. मुलांना वाळूच्या टेकड्यांची आस होती. येथे होते खडक, काटे आणि निःशब्द शांतता.

जोधपूरला वर्षभरात सरासरी छत्तीस सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४ सेंटिमीटर पाऊस कोसळला होता. म्हणजे आपल्याकडच्या त्या एका दिवसाच्या पाण्यात येथील झाडाझुडपांची अडीच वर्षे निघाली असती! एवढ्याशा शिदोरीवर हा संसार चालतो कसा?

उत्तर थोराच्या जाळीपाशी मिळाले. पावसाळ्यात थोराला पाने फुटतात. पाऊस सरला की तो ती निमूटपणे गाळून टाकतो आणि हिरव्या, रसाळ खोडावर निर्वाह करतो. दिवसाच्या उन्हात त्याची सूक्ष्म रंध्रे मिटलेली असतात. अंधार पडून हवा निवली की ती उघडतात आणि हवेतील कर्बवायू रात्रीच साठवून ठेवतात. आम्ही परतीचा विचार करीत होतो, तेव्हा थोराचा कामाचा प्रहर सुरू होत होता. त्याच्या काटेरी कुंपणाआड इतर रोपटीही शेळ्यांच्या तोंडापासून सुरक्षित राहतात. स्वतः काटकसरीने जगावे आणि दुबळ्यांना आसरा द्यावा, हेच त्याचे थोरपण.

पण हा संसार मधल्या काळात जवळजवळ मोडला होता. तो मोडला कुऱ्हाडीने नव्हे, तर हिरवाईच्या हौसेने. १९३० च्या दशकात जोधपूरच्या महाराजांनी विमानातून वेड्या बाभळीचे बी उधळले, असे सांगतात. अमेरिका खंडातून आलेले हे झाड झपाट्याने पसरले आणि त्याच्याखाली स्थानिक वनस्पतींना वाव उरला नाही. उजाड माळ हिरवा व्हावा हा हेतू चांगलाच होता. मात्र त्या माळाला मुळी उजाड समजणे, हे अनर्थाचे मूळ ठरले.

२००६ पासून येथे ही बाभूळ उपटण्याचे काम सुरू झाले. वरून तोडली तर ती पुन्हा फुटते; मुळे तर कातळाच्या भेगांत रुतलेली. अखेर दगडाच्या खाणीत पिढ्यान्पिढ्या राबलेले खंडवालिया मदतीला आले. हातोड्याच्या आवाजावरून खडकाचे अंतरंग ओळखणाऱ्या या कारागिरांनी छिन्नीने एकेक मूळ मोकळे केले. त्याच खळग्यांत मग थार प्रदेशाच्या स्वतःच्या वनस्पती लावण्यात आल्या. विमानातून जे सहज पेरले गेले, ते काढायला माणसाला गुडघे टेकून बसावे लागले.

प्रत्येक पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामांतूनही रोपे लावली जातात. मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प आपल्याकडच्या अनेक डोंगरांवर अशाच चांगल्या हेतूने लावले गेले आहे. जलद वाढणारे रोप हाती घेण्यापूर्वी गावातील एखाद्या वृद्धाला विचारावे : येथे पूर्वी काय उभे होते? उंडी, करंज, भेंड अशी नावे ते सहज सांगतील. भूमीचे भले करायचे तर आधी तिची ओळख करून घ्यावी लागते. माणसांच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे.