पाठीवरचे बिऱ्हाड

गुंजवण्याहून राजगड चढायला निघालो तेव्हा माझ्या पाठीवर चौदा किलोंचे ओझे होते. हा आकडा मला मागाहून कळला. त्या दिवशी नुसता घाम कळला. स्टीलचे दोन डबे, सोलापुरी चादर, जाड सुती पँटी, शिवाय 'असू द्यावे' म्हणून घेतलेले किती तरी! चोर दरवाजाच्या खालच्या खड्या टप्प्यावर त्या ओझ्याने मला मागे खेचले आणि माझा तोल गेला. मागून येणाऱ्या गावातल्या मामांनी दंड धरला, म्हणून आज हे लिहितो आहे.

"पावनं, ह्ये वझं न्हवं, बिऱ्हाड हाय," असे म्हणून साठी उलटलेल्या त्या गृहस्थांनी माझी सॅक आपल्या खांद्यावर घेतली. त्यांचे स्वतःचे सामान म्हणजे एक घोंगडी. पावसात तिचीच खोळ, थंडीत तेच पांघरूण, बसायला तेच आसन. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी धारेने तोरण्याला जायचा बेत होता. संजीवनी माचीवरून तोरणा डोळे भरून पाहिला आणि मुकाट्याने परतलो.

घरी येताच वाण्याच्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. मग दुकाने हिंडलो. तिथला न्याय उलटा! वजन उतरते तसा भाव चढतो. माझ्याजवळ होते पाच हजार रुपये. तेव्हा उमगले, की हलकी वस्तू विकत घ्यायला पैसे पडतात; जड वस्तू घरी ठेवायला एक पैही पडत नाही.

डबे गेले, तिखटमिठाच्या पुऱ्या कागदात आल्या. भिजली की वाळता न वाळणारी सुती पँट गेली, स्वस्तातली सिंथेटिक आली. चादरीऐवजी मित्राची स्लीपिंग बॅग मागून आणली. खाली अंथरायला फोमची वळकटी घेतली. ती स्वस्तही आणि हलकीही. बुटांत मात्र काटकसर केली नाही. सॅक सर्वांत शेवटी घेतली, चाळीस लिटरची. मोठी घेतली की ती भरल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही! कमरपट्टा तेवढा नीट पाहून घेतला, कारण ओझे खांद्यांनी नव्हे, कंबरेने पेलायचे असते.

पुढच्या खेपेला अतिशहाणपणा नडला. स्वेटरही घरीच ठेवला, आणि डिसेंबरची रात्र पद्मावतीच्या देवळात कुडकुडत काढली. हलके म्हणजे उघडे नव्हे, हा धडा मिळाला. स्वेटर, विजेरी आणि औषधे यांचे वजन मोजू नये. पाण्याचेही नाही. लिटरला किलो हा हिशेब कुणाला चुकत नाही, आणि त्या धारेवर पाण्याची वानवा!

तिसऱ्या खेपेस सात किलो भरले, त्यात तीन लिटर पाणी. गुंजवण्यात मामा भेटले. त्यांनी सॅक एका हाताने उचलून पाहिली, हसले आणि परत दिली.

त्या संध्याकाळी मी तोरण्याच्या बुधला माचीवर उभा राहून मागे वळून राजगड पाहिला. सॅक पाठीवरच होती. उतरवायची आठवणच झाली नाही.