दीव : साडेचार तासांचा मुक्काम

शाळेचे वेळापत्रक आखण्यात आमची बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे जहाजाने जाऊन दीवच्या किनाऱ्यावर एक दिवस उतरावयाचे ठरले, तेव्हा त्या दिवसाची आखणी घरात आपोआप आमच्याच गळ्यात पडली. ही गोष्ट डिसेंबर २०२१ ची. मुंबईहून सायंकाळी निघावे, दुसऱ्या दिवशी सकाळी दीवसमोर नांगर टाकावा, उतारूंनी दिवसा बेट पाहून यावे आणि सायंकाळी पुन्हा मुंबईच्या वाटेला लागावे, असा त्या जहाजाचा क्रम होता. बरोबर आमच्या सौभाग्यवती आणि शहात्तर वर्षांची आई. खरे सांगावयाचे तर सहल आईचीच. आम्ही दोघे तिच्या पिशव्या उचलणारे.

दीवच का, हे गोव्याबाहेरच्या तरुण वाचकांना सांगावे लागेल. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ता संपल्यानंतर १९८७ च्या ३० मे रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळेपर्यंत 'गोवा, दमण व दीव' असा एकच केंद्रशासित प्रदेश होता. तीस आमदारांच्या विधानसभेत दमणचा एक आणि दीवचा एक. राजधानी पणजी, आणि पणजीच्या कचेरीतला माणूस उद्या दीवच्या कचेरीत जाऊन बसू शकत असे. आमच्या वडिलांची अशी बदली १९७४ मध्ये झाली. आम्ही तेव्हा सहा वर्षांचे, धाकटी बहीण अंगावर पिणारी आणि आजी अंथरुणाला खिळलेली. आईला मागे राहणे प्राप्तच होते. वडील पणजीहून आगबोटीने मुंबईस, तेथून आगगाडीने सौराष्ट्रात, मग मीटरगेजच्या गाडीने देलवाड्यापर्यंत आणि शेवटचा टप्पा मोटारीने, असे करीत दीवला पोहोचले. तीन वर्षे ते तेथे होते. चतुर्थीला तेवढे घरी येत. एरवी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनीऑर्डर आणि तिच्या मागोमाग एक आंतर्देशीय पत्र.

वडील २००९ मध्ये गेले. आईने ती पत्रे कधी काढून दाखवली नाहीत, आणि दीव पाहण्याची इच्छाही कधी बोलून दाखवली नाही. पुण्याहून आमच्या चिरंजीवांनी त्या जहाजाची जाहिरात पाठवली. ती वाचून दाखवताना 'दीव' हा शब्द येताच आई म्हणाली, "आगबोटीने जाता येतं होय आता?" तेवढ्यावर सगळे ठरले.

मग आम्ही नकाशा पुढ्यात घेतला. दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, खाडीने मुख्य भूमीपासून तुटलेले, पूर्व-पश्चिम अकरा-बारा किलोमीटर लांबीचे चिंचोळे बेट. पूर्वेच्या टोकाला किल्ला, त्याला लागून तटबंदीच्या आतले जुने शहर, उत्तरेला खाडी आणि खाडीपलीकडे घोघला. शहराबाहेर झांपा दरवाजा आणि त्याच्याजवळ नायड्याच्या गुहा. दक्षिणेच्या किनाऱ्यावर खुकरी युद्धनौकेचे स्मारक. मध्यावर फुदमजवळ गंगेश्वर, जेथे खडकातली पाच शिवलिंगे भरतीच्या लाटांखाली जातात आणि पुन्हा उघडी पडतात. त्याच्याही पश्चिमेला नागवा येथील अर्धचंद्राकार पुळण आणि अगदी शेवटी वणाकबारा हे मासेमारीचे गाव. एवढ्याशा बेटावर इतके काही पाहून आमच्यातला मुख्याध्यापक जागा झाला. आम्ही नऊ तासिका पाडल्या. किल्ल्याला दीड तास, सेंट पॉलच्या चर्चला अर्धा, गुहांना पाऊण, स्मारकाला अर्धा, आणि असेच पुढे. गंगेश्वराची वेळ भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून बसवली. पूर्ण भरतीला तेथे नुसते पाणी दिसते, म्हणून जाणाऱ्याने ही काळजी जरूर घ्यावी.

कागद स्वच्छ अक्षरात उतरवून आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, "ह्यात तुझ्या बाबांची खोली कितव्या तासाला?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या खोलीचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता, कारण पत्रे कचेरीच्या पत्त्यावर जात. मग प्रथमच आईने ट्रंकेतून पत्रांची एक पुरचुंडी काढली. तिच्यातून हाती लागले ते इतकेच: खोली बंदराच्या रस्त्यावर आहे, वरच्या मजल्यावर आहे, आणि खिडकीतून समुद्रातला पाणीकोठा दिसतो. रात्री त्यावरचा दिवा लागला की वडील खिडकीशी ताट घेऊन बसत. सौभाग्यवतींनी आमच्या हातातला कागद घेतला, नागवा, वणाकबारा आणि गुहा यांवर रेघ मारली आणि म्हणाल्या, "अहो, आईंना धावायला लावू नका."

जहाजाच्या एका दिवसाचे गणित कसे चुकते, ते आता सांगतो. छापील पत्रकात 'सकाळी नऊ ते दुपारी तीन' असे असते. परंतु दीवसमोर मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, ते बाहेर समुद्रात उभे राहते आणि उतारूंना लाँचमधून नेतात. नऊ ही पहिल्या लाँचची वेळ, आणि तीन ही परतीच्या शेवटच्या लाँचची. आमच्या वेळी त्या लाँचसाठी जिन्यात जी रांग लागली, तिच्यात खुर्ची नाही, पाणी नाही, आणि कोणाचा क्रमांक केव्हा हे सांगणारा माणूस नाही, अशी अवस्था होती. म्हाताऱ्या माणसांना आधी सोडावे हे कोणाला सुचले नाही. शेवटी सौभाग्यवतींनी शाळेतल्या बाईंच्या आवाजात दोन वाक्ये सुनावली, तेव्हा आईला वाट मिळाली. समुद्राला लाटा असत्या तर उतरणेच रद्द झाले असते. तेव्हा असा दिवस आखणाऱ्याने पत्रकातल्या वेळेतून दीड तास आधीच वजा करावा. आमचे पाय धक्क्याला लागले तेव्हा साडेदहा झाले होते. हाती उरले साडेचार तास.

लाँच खाडीच्या तोंडाशी आली, तेव्हाच पाणीकोठा समोर आला. पाण्यात नांगरून ठेवलेले एखादे दगडी गलबत असावे तसा तो दिसतो. पोर्तुगिजांनी खाडीचे तोंड राखण्यासाठी बांधलेला हा छोटा जलदुर्ग पुढे कैदखाना म्हणूनही वापरला गेला. त्यावर एक लहानसे प्रार्थनागृह आहे आणि दीपस्तंभ आहे. आई काही बोलली नाही. तिने पदर खांद्याभोवती घट्ट घेतला आणि लाँच वळून तो दिसेनासा होईपर्यंत मान तिकडेच ठेवली.

किल्ला धक्क्यापासून जवळच. १५०९ मध्ये याच पाण्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने इजिप्तचा सुलतान, गुजरातचा सुलतान आणि कालिकतचा सामुरी यांच्या एकत्रित आरमाराचा पराभव केला. परंतु जमीन मिळावयास त्यांना १५३५ उजाडले. हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या बहादुरशहाने मदतीच्या आशेने किल्ल्याची परवानगी दिली, आणि दोनच वर्षांनी तो पोर्तुगीज जहाजावरील भेटीहून परतताना समुद्रातच मारला गेला. पुढे १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे पडले. दुसरा वेढा उठवण्यास गोव्याहून दों जुआंव द कास्त्रु आला. पडलेला तट पुन्हा बांधावयास पैसा नव्हता, तेव्हा त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. इतिहासाच्या तासाला आम्ही ही गोष्ट सांगतो, तेव्हा मुले हसतात. ते कर्ज ज्यांच्या करांतून उभे राहिले, त्या रयतेच्या दाढ्यांचे काय, असे एका विद्यार्थिनीने एकदा विचारले होते. त्या प्रश्नाला आम्ही आजही पूर्ण गुण देऊ.

दाराशी दगडात कोरून काढलेला खंदक आहे, आणि त्यात भरतीचे पाणी येते. आईचे गुडघे चढावर चालणार नाहीत हे दिसतच होते. ती आणि सौभाग्यवती खंदकाच्या काठी सावलीत बसल्या आणि आम्ही एकटेच पाऊण तासात वर जाऊन आलो. तोफा, कोसळलेल्या कोठ्या, दीपगृह, आणि तिन्ही बाजूंना समुद्र. १९६१ च्या डिसेंबरात आपल्या 'दिल्ली' या युद्धनौकेने याच तटावर तोफा डागल्या होत्या. दीड तासाची तासिका पाऊण तासावर आली याचे वाईट वाटले, पण ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याने किल्ल्याला दोन तास द्यावे आणि उन्हे चढण्यापूर्वी द्यावे, असे आमचे मत आहे.

खाली आलो तेव्हा आई खंदकातल्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आलो तेव्हा त्या दगडापर्यंत होतं. आता दगड बुडला." तिने आमच्यापेक्षा किल्ला अधिक पाहिला होता असे म्हणावयास हरकत नाही.

सेंट पॉलच्या चर्चमध्ये आम्ही दहा मिनिटेच काढली. १६१० मध्ये पुरे झालेली ही वास्तू. जुन्या गोव्याची सवय असलेल्या डोळ्यांना तिचा दर्शनी भाग ओळखीचा वाटतो, आणि घरापासून इतक्या दूर ती ओळख भेटल्याने आपणच क्षणभर बावरतो. आतील लाकडी कोरीवकाम पाहण्यासारखे आहे. खुकरी स्मारक राहिले, याची मात्र खंत आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून काही अंतरावर पाकिस्तानी पाणबुडीने ती नौका बुडवली. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. वडील दीवला आले ते त्यानंतर तीनच वर्षांनी. एका पत्रात त्यांनी लिहिले होते की येथील कोळी त्या रात्रीविषयी अजून हळू आवाजात बोलतात. आम्ही परतल्यानंतर महिनाभरात, जानेवारी २०२२ मध्ये, त्याच नावाची निवृत्त झालेली दुसरी नौका संग्रहालयासाठी दीवला देण्यात आली. यापुढे जाणाऱ्यांनी आमची चूक करू नये.

बाराच्या सुमारास बंदराच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला खाडी, नांगरलेल्या होड्या, सुकत घातलेली जाळी. दुसऱ्या बाजूला दुकाने, खाणावळी आणि मद्याची दुकाने, कारण शेजारच्या गुजरातेत दारूबंदी. जुनी दुमजली घरे अधूनमधूनच उरली आहेत. लाकडी कठड्याचे, कौलांचे एक घर दिसले की आई थांबे, वर पाहे, मग वळून पाणीकोठ्याकडे पाहे. एका घराच्या खिडकीतून तो दिसला नसता, मधे नवी इमारत आली होती. पण ती इमारत १९७४ मध्ये होती कुठे? दुसऱ्या घराची खिडकी भिंत लावून बुजवलेली. तिसऱ्याच्या जागी लॉज.

किराणा दुकानातील एका वृद्ध गृहस्थांना आम्ही हिंदीत विचारले. त्यांनी गुजरातीमिश्रित हिंदीत सांगितले की गोव्याचे सरकारी साहेब पुष्कळ असत, ह्याच ओळीत चार-पाच घरांतून राहत, एक जात आणि दुसरा येई. नाव सांगितले तर त्यांनी मान हलवली. मग जरा थांबून विचारले, "नारळ घालून भाजी करणारे?" आम्ही आईकडे पाहिले. आई म्हणाली, "घरी कधी चहासुद्धा केला नाही त्यांनी." वृद्ध हसले. "यहाँ तो सब करते थे, बा." दुकानातून त्यांनी स्टूल बाहेर काढून दिले.

आई त्या स्टुलावर रस्त्याच्या कडेला, खाडीकडे तोंड करून बसली. आमच्या यादीत आणखी दोन घरे आणि जुनी कचेरी होती. घड्याळात एक वाजून गेला होता. आम्ही म्हटले, "आई, अजून वेळ आहे. पुढं विचारू या."

"नको रे. इथंच कुठंतरी होते ना. बसू दे जरा."

मग आम्हीही बसलो, दुकानाच्या पायरीवर. सौभाग्यवतींनी होक्याची फळे विकणाऱ्या मुलाकडून दोन फळे घेतली. होका म्हणजे खोडाला फांद्या फुटलेले ताड, दीवला तो पावलोपावली दिसतो. फळ टणक, आईच्या दातांना न झेपणारे. तिने ते पिशवीत ठेवले. दीड तासभर ती फारसे बोलली नाही. एकदा तिने विचारले, दिवसा दिवा लावत नाहीत का? एकदा, होड्या एवढ्या रंगीत तेव्हाही असतील का? उत्तराची अपेक्षा तिला नव्हती, आणि आमच्यापाशी ते नव्हतेही.

अडीचला उठलो. तीनच्या लाँचला पावणेतीनला पोहोचणे हा धोका पत्करू नये. धक्क्यावर पुन्हा रांग होतीच, पण ह्या वेळी एका खलाशाने आईला हाताला धरून आधी चढवले.

नांगर उचलायला साडेपाच झाले. जेवणाची घंटा झाली तरी आई मागच्या डेकवरून हलेना, म्हणून शाल घेऊन आम्ही तिच्याजवळ उभे राहिलो. किनारा आता काळी रेघ झाली होती आणि तिच्यावर चार-पाच दिवे उमटले होते. त्यातले दोन उघडझाप करीत होते. एक बहुधा किल्ल्यावरच्या दीपगृहाचा असावा.

"त्यातला कुठला रे?" आईने विचारले.

आम्ही डावीकडचा दाखवला.