मुनिरक्याच्या गल्लीत एकच चाक

दिल्लीला गेलेला मराठी माणूस लाल किल्ला बघतो, कुतुबमिनार बघतो, करोलबागेत स्वेटर घेतो आणि परत येतो. मुनिरक्याला मुद्दाम कोणी जात नाही. मीही गेले ती भाच्यापायी. तो जेएनयूत संशोधन करतो आणि मुनिरका गावात चौथ्या मजल्यावर भाड्याची खोली घेऊन राहतो. निघायच्या आदल्या दिवशी सांगलीहून ताईचा फोन आला. ‘‘तू जाते आहेसच, तर त्याच्या डोक्यातलं ते चाकाचं भूत काढून ये.’’

भूत म्हणजे विजेवर चालणारी एकचाकी. मधे एक जाड चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फळ्या, आत बॅटरी. हँडल नाही, सीट नाही, ब्रेकही नाही. या वस्तूवर उभं राहून रोज कामावर जायचं, असं चिरंजीवांनी ठरवलं होतं. ताईला हे समजावणं कठीण. आम्ही सांगलीकडच्या. सर्कस आमच्याच भागातली. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, त्याच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. ‘‘एका चाकावर विदूषक बसतो. पीएच.डी. करणारा मुलगा नाही,’’ हे ताईचं म्हणणं.

पण तिची खरी धास्ती वेगळी होती. मुनिरका हे नाव तिने पहिल्यांदा ऐकलं ते २०१२ च्या डिसेंबरात. १६ तारखेच्या रात्री ती मुलगी आणि तिचा मित्र इथल्याच थांब्यावरून त्या बसमध्ये चढले होते. तेव्हापासून या नावाबरोबर ताईच्या मनात अंधार येतो. मुलगा रात्री अकराला प्रयोगशाळेतून निघतो, हे तिला कळल्यापासून तर जास्तच. ‘चाक असलं तर पाच मिनिटांत घरी पोचेन,’ असं त्याने तिला सांगितलं होतं. म्हणजे आईची काळजी हेच त्याचं चाकासाठीचं कारण! अशा मुलाशी वाद कसा घालणार?

निजामुद्दीनला उतरून आम्ही मेट्रोने निघालो. दोनदा गाडी बदलायची. हौज खासला मजेंटा लाइनकडे जाताना इतकं खाली उतरावं लागतं की आता पाताळच लागणार असं वाटतं. मुनिरका स्टेशन या लाइनवर २०१८ च्या मे महिन्यात सुरू झालं. बाहेर आलं की समोर आउटर रिंग रोड. गाड्यांचा धबधबा नुसता! एका अंगाला डीडीएच्या वसाहती, झाडं, बागा. आणि दुसऱ्या अंगाला, रस्त्यावरून दोन वळणं आत शिरलात की मुनिरका गाव.

हे खरोखरीचं गाव आहे. जाटांचं, शेकडो वर्षांचं. दारांवरच्या पाट्यांवर ‘टोकस’ हे आडनाव पुन:पुन्हा दिसतं. गावाची शेतं सरकारने घेतली. त्यांवर वसाहती झाल्या, आणि १९६९ साली सुरू झालेल्या जेएनयूच्या वाट्याला आजूबाजूच्या गावांची जमीन आली. गावठाण तेवढं राहिलं. त्याला इथे ‘लाल डोरा’ म्हणतात. नकाशावर तांबड्या रेघेने आखलेली गावाची हद्द. त्या रेघेच्या आत बांधकामाचे शहरी नियम फारसे लागत नसत. शेत गेलेल्या शेतकऱ्याने मग घरावर घर चढवलं आणि खोल्या भाड्याने दिल्या. आता गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या दोन गच्च्यांवरच्या बायका हात लांबवून वाटी देऊ-घेऊ शकतील. वर विजेच्या तारांचं जाळं, खाली मोमोच्या गाड्यांची वाफ. मणिपूर, नागालँड, बिहार, केरळ... सगळा देश इथे एकेका खोलीत राहतो. एका दुकानात बांबूचे आंबवलेले कोंब, शेजारी सत्तू, आणि शोधलं तर पोहेही मिळाले.

भाच्याच्या खोलीपासून जेएनयूच्या फाटकापर्यंत आणि फाटकापासून त्याच्या प्रयोगशाळेपर्यंत धरून दोन-तीन किलोमीटर होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, ‘‘चल, मला तुझ्या रस्त्याने चालत ने. चाक कुठून जाणार ते बघू दे.’’

गल्लीत पहिल्या शंभर पावलांत एक उघडं गटार, दोन झोपलेली कुत्री, एक सिलिंडरवाला आणि उलट दिशेने आलेली मोटरसायकल. ‘‘इथे मी चढणारच नाही, मावशी. याला ओढायची दांडी असते. प्रवासी बॅगेसारखं ओढत नेणार,’’ तो म्हणाला. पुढे मोठा रस्ता, मग विद्यापीठाचं फाटक. आत शिरलं की एकदम जग बदलतं. अरवलीचे लाल-तपकिरी खडक, बाभळी, कडुनिंब, मोर. एक नीलगाय झाडीतून आमच्याकडे शिक्षिकेसारखी रोखून बघत होती. इथले आतले रस्ते मात्र चाकासाठी जणू मागवून घेतलेले. मला एक गोष्ट मुद्दाम बघायची होती, ती म्हणजे कुसुमाग्रजांच्या नावाचं मराठी भाषेचं विशेष केंद्र. त्याचं उद्घाटन २०२५ च्या जुलैत झालं. दिल्लीच्या या टोकाला तात्यासाहेबांचं नाव वाचून ऊर भरून आला, हे कबूल करते.

त्याच संध्याकाळी भाच्याचा इंफाळचा मित्र आपलं चाक घेऊन आला. बंगळुरूच्या कोणाकडून जुनं घेतलेलं, ट्रकमधून आलेलं. मैदानाच्या कडेला त्याने एक पाय ठेवला, दुसऱ्याने जमिनीला रेटा दिला आणि निघाला. आवाज जवळजवळ नाहीच. हात खिशात! पुढे किंचित झुकला की वेग वाढतो, मागे रेलला की थांबतो. वळायचं असेल त्या बाजूला नुसतं अंग कललं की झालं. संध्याकाळच्या धुरकट उजेडात तो झाडांमधून तरंगत गेल्यासारखा दिसला. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

मित्राने मला आतलं गणित समजावलं. तुम्ही उभे राहून झोपाळलात की पडू नये म्हणून पाऊल पुढे टाकता ना, तेच काम हे चाक करतं. आतले संवेदक सेकंदाला अनेकदा तुमचा कल मोजतात आणि मोटर चाकाला तुमच्या वजनाखाली ढकलत राहते. अमेरिकेत राहणारे चिनी वंशाचे संशोधक शेन चेन यांनी २०११ च्या सुमारास ‘सोलोव्हील’ नावाने अशी एकचाकी आणली. आज इनमोशन, किंगसाँग, बेगोड अशा चिनी कंपन्या ती बनवतात.

धोकाही याच गणितात आहे. पुढचा-मागचा तोल मोटरच सांभाळते. चढावर किंवा जास्त वेगात, बॅटरी उतरलेली असताना मोटरची ताकद अपुरी पडली, तर सावरायला दुसरं काही नाही. माणूस सरळ तोंडावर. म्हणून वेगाची मर्यादा जवळ आली की चाक शिट्टी वाजवतं आणि पायाखालच्या फळ्या पुढून वर उचलते, म्हणजे तुम्ही आपोआप मागे रेलता. या इशाऱ्याशी हुज्जत घालणारा रुग्णालयात जातो, असं मित्र हसत म्हणाला. मी हसले नाही.

पहिलं चाक घेणाऱ्याने काय बघावं, हे त्याच्याकडून मी वहीत उतरवून घेतलं. चौदा इंची चाक हलकं, चपळ, पण आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा गुडघ्यापर्यंत पोचवणारं. अठरा इंचांच्या पुढची स्थिर खरी, पण वीस-पंचवीस किलो आणि त्याहून जड. नवख्याला सोळा इंची बरं. वेगाचा आकडा बघून भुलू नये. बॅटरी मोठी बघावी. ती लांब जाण्यासाठी नव्हे, तर ऐन वेळी ताकद शिल्लक राहावी म्हणून. एका चार्जमध्ये किती जाईल याचा कागदावरचा आकडा हलक्या माणसाने सपाट रस्त्यावर संथ जाऊन काढलेला असतो, त्यातला निदान तिसरा हिस्सा वजा करावा. शिकताना चाक दहा वेळा आपटणारच, म्हणून पहिलं जुनं घ्यावं, पण बॅटरी किती वर्षांची ते विचारून. आणि चाकाच्या आधी हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे पट्टे घ्यावेत. पडताना माणूस हात पुढे करतो, म्हणून मनगट आधी जातं.

दुसऱ्या दिवसापासून भाच्याची शिकवणी सुरू झाली. सकाळी सहाला, धुक्यात, कुंपणाला धरून. पहिल्या दिवशी तीन पावलांएवढंही अंतर नाही. चाक त्याच्या पायाखालून सुटून एका कडुनिंबाला जाऊन धडकलं. हळू जाणंच सर्वांत अवघड, सायकलसारखं. चाक पोटरीला घासून दोन्ही पाय आतल्या बाजूने काळेनिळे झाले. चौथ्या दिवशी तो मैदानाची अर्धी फेरी न पडता आला, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. ताईला मात्र कळवलं नाही.

आता ताईने नेमलेल्या वकिलाने काय करावं? मी त्याला म्हटलं, ‘‘हे चाक उचल आणि आपल्या खोलीत नेऊन दाखव.’’ चौदा किलो. मुनिरक्यातले जिने अंधारे, खांदा भिंतीला घासेल एवढे. तिसऱ्या मजल्यावर तो टेकला. ‘‘हे रोज दोनदा, पाठीवर पुस्तकांची बॅग असताना,’’ मी आठवण करून दिली.

तिथेच घरमालकीण भेटली. सत्तरीची, डोक्यावर ओढणी, आवाज असा की गल्ली थांबावी. तिने चाकाकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं. ‘‘बेटा, इसकी बॅटरी रात को कमरे में लगाएगा? ना. एक ही जीना है मकान में.’’ माझ्या वहीतल्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा हे एक वाक्य भारी होतं. लिथियमची बॅटरी बिघडली तर आग मिनिटांत भडकते. न्यूयॉर्क शहरात २०२३ साली विजेच्या सायकली, स्कूटर यांच्या बॅटऱ्यांनी लागलेल्या आगींत १८ माणसं गेली. म्हणून चार्जर मूळ कंपनीचाच हवा, सगळे झोपलेले असताना चार्जिंग नको, आणि बाहेर पडायच्या एकमेव दाराशी तर मुळीच नको. चार मजल्यांवर सोळा बिऱ्हाडं असलेल्या घरात त्या म्हातारीला हे कुठे वाचावं लागलं नव्हतं.

कायद्याचंही भाच्याने प्रामाणिकपणे शोधून काढलं. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि सरकारमान्य संस्थेने तसं तपासून दिलेलं, एवढं असेल तरच बॅटरीची गाडी केंद्रीय नियमांप्रमाणे ‘मोटार वाहन’ ठरत नाही. एकचाकीची मोटर तोल सांभाळायचा म्हणून सहसा याहून बऱ्याच जास्त ताकदीची असते. म्हणजे ती मोटार वाहन ठरते. मग नंबर हवा, विमा हवा, आणि तो मिळण्याची वाट नाही. रस्त्यावर कोणाला धक्का लागला तर सगळं आपल्याच गळ्यात. हे आपल्याकडेच आहे असं नाही. जर्मनीने २०१९ साली ई-स्कूटरला रस्ता मोकळा केला, तोही हँडल असलेल्यांनाच. अमेरिकेतला चुलतभाऊ सामानात आणून देतो म्हणाला होता, तेही बारगळलं. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी चालत नाही, आणि मित्राच्या चाकाची पाचशेच्या वर. बाहेरून मागवायचं तर भाच्याचा हिशेब लाखाच्या पुढे गेला.

शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या मुलाचा चेहरा त्या रात्री उतरलेला होता. त्याला कोणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. त्याचं त्यालाच दिसत होतं, आणि ते जास्त लागतं. मीच म्हटलं, ‘‘रात्री अकराला पायी येऊ नकोस, एवढंच ताईला हवंय.’’ मग वही उलटून आम्ही नव्याने बसलो. पेडलला मोटरची साथ देणारी, नियमात बसणारी सायकल. तिची बॅटरी काढून वर नेता येते आणि दिवसा प्रयोगशाळेतून परवानगी घेऊन चार्ज करता येते. घरमालकिणीने तळमजल्यावर सायकलीला जागा दिली, वर महिना दोनशे सांगितले. भाच्याने शंभरावर आणले. जाटणीशी घासाघीस करून जिंकला, म्हणजे मुलगा दिल्लीत रुळला म्हणायचा!

चाकाचं काय? ते मित्राकडेच राहिलं, तळमजल्यावर. रविवारी सकाळी परवानगीच्या मोकळ्या जागेत दोघं आलटून-पालटून फिरवतात. निघायच्या आदल्या दिवशी भाच्याने मैदानाला पूर्ण तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत माझ्यासमोरून जाताना मान ताठ, हात खिशात.

पुण्याला पोचून दार उघडते तोच फोन वाजला. ताईच.

‘‘घेतलं का गं त्याने?’’

‘‘हेल्मेट घेतलंय,’’ मी म्हणाले.